देहाला आकार कोण देते?

बाळ जन्मते आणि त्याचे पाऊल आत वळलेले असते, ओठ दुभंगलेला असतो किंवा पाठीच्या कण्यात दोष असतो, तेव्हा आईला दोन प्रकारची उत्तरे ऐकावी लागतात. घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, ‘ग्रहणात काही चिरलंस-कापलंस का गं?’ शिकलेले नातेवाईक म्हणतात, ‘जनुकांतच काहीतरी असणार.’ पहिल्या उत्तराला कसलाही आधार नाही. दुसऱ्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. कारण जनुके म्हणजे शरीराचा नकाशा नव्हे. घराच्या नकाशात प्रत्येक भिंत कुठे आणि किती लांब हे आखलेले असते. पेशीतल्या डीएनएमध्ये ‘कणा असा, पाऊल तसे’ असे चित्र कुठेही नसते. तिथे असते ती कोणते प्रथिन, केव्हा आणि किती बनवायचे याची माहिती. या प्रथिनांच्या जुळवाजुळवीतून ताठ कणा, दोन सारख्या बाजू आणि वेळेवर मिटणारी हृदयाची झडप कशी तयार होते, हा प्रश्न उरतोच.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाची उत्तरे एका लहानशा माशाच्या अंड्यातून मिळू लागली आहेत. भ्रूणातल्या पेशी एकमेकींना ढकलतात, ओढतात, फुगतात, कधी घट्ट होतात तर कधी सैल पडतात. कणीक मळताना किंवा चाकावरच्या मातीला आकार देताना जे घडते, तसलेच काहीसे इथे घडते. फरक इतकाच, की इथे हात बाहेरून लागत नाही. माती स्वतःच स्वतःला घडवते.

गंगेच्या खोऱ्यातला मासा

या संशोधनाचा नायक आहे झेब्राफिश. अंगावर निळसर पट्टे असलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा हा मासा अनेकांच्या घरातल्या काचेच्या टाकीत असतो. तो मूळचा आपल्याच उपखंडातला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांवर १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे. प्रयोगशाळेत त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली ती अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी. १९७०च्या दशकात त्यांनी या माशावर काम सुरू केले आणि १९८१ मध्ये त्यांचा महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे जर्मनीतील नोबेल विजेत्या ख्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांनी त्याच्या भ्रूणवाढीत बिघाड घडवणाऱ्या जनुकांचा मोठा शोध घेतला. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात किमान एक नातेवाईक जनुक आहे, हे २०१३ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा स्पष्ट झाले.

पण त्याचा खरा गुण म्हणजे पारदर्शकपणा. अंडी आईच्या शरीराबाहेर वाढतात. भ्रूण काचेसारखा स्वच्छ असतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली आतली प्रत्येक हालचाल दिसते. शिवाय सगळे झपाट्याने घडते. फलनानंतर पाऊण तासात पहिले विभाजन. तीन तासांत सुमारे हजार पेशी. दहाव्या तासाला त्या पेशी बलकाला पूर्ण वेढतात. २४ तासांत डोके, शेपटी आणि धडधडणारे हृदय. दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर. माणसाच्या गर्भात ज्या गोष्टींना काही आठवडे लागतात, त्या इथे एका दिवसात पाहता येतात.

शरीराच्या घडणीत यांत्रिक बलांचा हात असावा, ही कल्पना जुनी आहे. स्विस शरीररचनातज्ज्ञ विल्हेल्म हिस यांनी १८७४ मध्येच भ्रूणाच्या घड्यांची तुलना वाकवलेल्या रबरी नळीशी केली होती. १९१७ मध्ये डार्सी थॉम्पसन यांनी ‘ऑन ग्रोथ अँड फॉर्म’ या ग्रंथात सजीवांचे आकार भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहिले. पण बल मोजायचे कसे? केसाच्या टोकाएवढ्या जिवंत पेशीपुंजात काटा लावता येत नाही. त्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जनुकांचे विज्ञान पुढे धावले आणि बलांचा विचार मागे पडला. तो पुन्हा पुढे आला तो मोजण्याची साधने हाती आल्यावर.

सैल पडण्याची वेळ

अंडे फलित झाल्यावर चारएक तासांनी पेशींचा पुंजका बलकाच्या गोळ्यावर टोपीसारखा बसलेला असतो. आता त्याने बलकावर पसरायला हवे. ऑस्ट्रियातील संशोधक निकोलेटा पेत्रिदू आणि कार्ल-फिलिप हायझेनबर्ग यांच्या गटाने या टप्प्यावर एक साधा प्रयोग केला. अगदी बारीक काचेच्या नळीने त्यांनी पेशींचा थर किंचित आत ओढला आणि तो किती वेगाने आत सरकतो हे पाहिले. घट्ट पदार्थ हळू सरकतो, पातळ पदार्थ भराभर. पसरण्याची वेळ येताच मधल्या भागाचा दाटपणा एकदम कमी झालेला दिसला. थोडा नव्हे, दहा पटींहून अधिक. कडेचा भाग मात्र घट्टच राहिला. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

हे घडते कसे? विभाजन होत असताना पेशी गोल होते आणि शेजारणीचा हात सोडते. एकाच वेळी बऱ्याच पेशी विभाजित होऊ लागल्या, की बरेच हात सुटतात. दहीहंडीच्या थराची कल्पना करावी. खालच्या थरातले गोविंदा एकमेकांच्या खांद्यांवर घट्ट हात ठेवून उभे असतात. एक-दोन हात सुटले तरी थर टिकतो. पण सुटलेल्या हातांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली, की थर हळूहळू नव्हे, एकदम ढासळतो. २०२१ मध्ये याच गटाने दाखवले, की पेशींमधल्या जोडांची सरासरी संख्या एका ठरावीक मर्यादेखाली जाताच ऊती घनातून द्रवासारखी होते. भौतिकशास्त्रज्ञ काच, फेस आणि वाळूच्या ढिगाऱ्यासाठी जे गणित वापरतात, तेच इथे लागू पडते. पेशी मात्र त्याच असतात. बदलते ते त्यांचे परस्परांशी असलेले नाते.

लांबणारी शेपटी

पुढचा टप्पा लांबी वाढवण्याचा. गोल अंड्यावर बसलेला भ्रूण आता मागच्या टोकाकडून लांबत जातो. पेशींची संख्या वाढली म्हणून लांबी वाढते, हे उत्तर पुरेसे नाही. पेशी वाढून गोळाही झाला असता. मग वाढ एकाच दिशेने का?

ओटगर काम्पास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत यासाठी एक नामी साधन तयार केले. चुंबकाला प्रतिसाद देणाऱ्या तेलाचा सूक्ष्म थेंब त्यांनी बारीक सुईने जिवंत भ्रूणाच्या पेशींमध्ये सोडला. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले, की थेंब लांबट होऊ पाहतो आणि आजूबाजूच्या पेशींना रेटतो. पेशी सहज बाजूला झाल्या तर तो भाग पातळ. थेंबाला दाबून धरले तर घट्ट. चुंबक काढल्यावर थेंब पुन्हा गोल होतो की नाही, यावरूनही माहिती मिळते. आजूबाजूची ऊती द्रवासारखी असेल तर ती नव्या जागी स्थिरावते, घनासारखी असेल तर पूर्वपदावर येते.

२०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा. शेपटीच्या टोकाजवळची ऊती द्रवासारखी असते. तिथे पेशींमध्ये मोकळी जागा जास्त असते आणि त्यांची चुळबुळही जास्त. टोकापासून पुढे, म्हणजे डोक्याच्या दिशेने जावे तशी मोकळी जागा कमी होते, चुळबुळ मंदावते आणि ऊती घट्ट होत जाते. मुंबईच्या लोकलने प्रवास करणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. फलाटावरची गर्दी कितीही असली तरी माणसे एकमेकांना ओलांडून जाऊ शकतात. दादरला खच्चून भरलेल्या डब्यात मात्र कुणालाच जागा बदलता येत नाही. माणसे तीच, पण गर्दी आता एखाद्या ठोकळ्यासारखी वागते.

आता एकाच दिशेने वाढ का होते ते कळते. मागे ओले काँक्रीट आणि पुढे घट्ट झालेले, असे हे बांधकाम आहे. नव्या पेशी ओल्या टोकाशी येतात, फिरतात, मिसळतात. त्यांच्या रेट्याला पुढचा घट्ट भाग दबत नाही, म्हणून तो रेटा मागच्या बाजूला जातो आणि शरीर लांबते. जसजसे टोक मागे सरकते, तसतसा त्याच्यामागे राहिलेला भाग घट्ट होऊन शरीराचा आधार बनतो. या घट्टपणासाठी पेशींना एकमेकींशी चिकटवणारे एन-कॅडहेरिन नावाचे प्रथिन लागते. हे प्रथिन जनुक बनवते. पण जनुकाने बनवला तो डिंक. शेपटी बनली ती डिंकाने जोडलेल्या पेशींच्या गर्दीच्या नियमांनी.

दोन बाजू सारख्या कशा?

घट्ट झालेल्या भागात पुढे एक सुरेख गोष्ट घडते. पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ऊतीचे ठोकळे पडू लागतात. दर अर्ध्या तासाला एक जोडी, अशा सुमारे ३० जोड्या. यांतूनच पुढे मणके आणि पाठीचे स्नायू तयार होतात. माणसाच्या गर्भातही असेच ठोकळे पडतात, फक्त अधिक सावकाश. डावा आणि उजवा ठोकळा एकाच मापाचा हवा. नाहीतर कणा सरळ कसा राहणार?

पेशींमध्ये ठरावीक वेळाने चालू-बंद होणाऱ्या जनुकांचे एक घड्याळ असते. तेच प्रत्येक ठोकळा अचूक मापाचा कापत असणार, असे समजले जात होते. सुंदर नागनाथन, मार्को पोपोविच आणि अँड्र्यू ओट्स यांनी स्वित्झर्लंडमध्ये झेब्राफिशच्या भ्रूणात प्रत्येक ठोकळा तयार होताच मोजला, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. ठोकळे सुरुवातीला चुकीच्या मापाचे असतात. डावा लांब, उजवा आखूड, असे सर्रास होते. पण तासाभरात ते दुरुस्त होतात. ठोकळ्याचे एकूण आकारमान तेवढेच राहते. जो लांब आहे तो आखूड होऊन रुंद होतो, जो आखूड आहे तो लांब होऊन अरुंद होतो. हे काम करतो पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या थेंबाला गोल ठेवणारे बल. ठोकळा भ्रूणातून काढून वेगळा ठेवला तरी तो आपला आकार बदलत राहिला. २०२२ मध्ये हे संशोधन ‘नेचर’मध्ये आले. नागनाथन यांची प्रयोगशाळा आता मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे.

या निष्कर्षाचा अर्थ मोठा आहे. निसर्ग पहिल्याच फटक्यात अचूक काम करत नाही. तो ढोबळ कापतो आणि मग भौतिक नियमांच्या हाती सोपवून माप जुळवून घेतो. गवंडीकामात ओळंबा लावून भिंत सरळ करतात तसे.

फुगवलेला दांडा

ठोकळ्यांच्या मधोमध एक लवचिक दांडा असतो, त्याला पृष्ठरज्जू म्हणतात. हाडे तयार होण्याआधी भ्रूणाला ताठ ठेवण्याचे काम त्याचे. त्याच्या आतल्या पेशींमध्ये पाण्याने भरलेली मोठी पिशवी असते आणि बाहेरून चिवट आवरण असते. पिशव्या फुगतात, आवरण त्यांना आडवे पसरू देत नाही, म्हणून दांडा लांब आणि ताठ होतो. सायकलच्या टायरमध्ये ट्यूब फुगल्यावर येतो तसा हा ताठपणा. ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, की या पिशव्या नीट तयार झाल्या नाहीत तर मासा आखूड राहतो आणि पुढे त्याच्या कण्याला बाक येतो.

माणसात हा दांडा जन्मापर्यंत जवळजवळ नाहीसा होतो. त्याचा अंश उरतो तो दोन मणक्यांमधल्या गादीच्या मऊ गाभ्यात. गादी सरकली, असे डॉक्टर सांगतात तेव्हा बाहेर आलेला असतो तो हाच गाभा. दाब सोसणे हे त्याचे भ्रूणावस्थेपासूनचे काम आहे.

कण्याचा सरळपणा एवढ्यावर थांबत नाही. मेंदू आणि मज्जारज्जूच्या पोकळीत द्रव खेळत असतो. पोकळीच्या अस्तरावरचे केसांसारखे सूक्ष्म तंतू, म्हणजे सिलिया, वल्ह्यांसारखे हलून त्याला वाहते ठेवतात. या द्रवात मेंदूपासून शेपटीपर्यंत प्रथिनाचा एक ताणलेला धागा असतो. अर्न्स्ट राइसनर यांनी तो १८६० मध्ये पाहिला, म्हणून त्याला राइसनरचा धागा म्हणतात. तो कशासाठी आहे हे दीडशे वर्षे कोडेच होते. २०१८ मध्ये पॅरिसमधील संशोधकांनी झेब्राफिशमध्ये हा धागा तयार होऊ दिला नाही, तेव्हा भ्रूण सरळ राहण्याऐवजी खाली वळला. त्याआधी २०१६ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील गटांनी दाखवले होते, की सिलिया बिघडल्या आणि द्रवाचा प्रवाह विस्कळीत झाला, तर वाढत्या माशाच्या कण्याला बाजूला बाक येतो. बाक दिसू लागल्यावर सिलियांची हालचाल पूर्ववत केली, तर तो वाढायचा थांबला.

डॉक्टरांचे लक्ष या प्रयोगाने वेधून घेतले, कारण वयात येणाऱ्या दर शंभर मुला-मुलींपैकी दोन-तीन जणांच्या कण्याला असाच बाजूचा बाक असतो. त्याला स्कोलिओसिस म्हणतात. बहुतेकांत कारण सापडत नाही. माशातले कारणच माणसात आहे असे अजून सिद्ध झालेले नाही. राइसनरचा धागा तर प्रौढ माणसात आढळत नाही. पण शोध कुठल्या दिशेने घ्यायचा, हे आता कळले आहे.

रक्ताचा प्रवाहच सुतार

हृदयाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. झेब्राफिशचा भ्रूण इतका लहान असतो, की सुरुवातीचे काही दिवस त्याला प्राणवायू त्वचेतूनच मिळतो. हृदयातून रक्त गेले नाही तरी तो लगेच मरत नाही. याचा फायदा घेऊन कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी एक धाडसी प्रयोग केला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी धडधडत्या चिमुकल्या हृदयाच्या तोंडाशी काचेचा सूक्ष्म मणी बसवून रक्ताचा प्रवाह अडवला. या भ्रूणाची जनुके पूर्णपणे निरोगी होती. तरीही हृदयाला नेहमीचे वळण पडले नाही आणि झडपा नीट तयार झाल्या नाहीत.

म्हणजे झडप आधी तयार होते आणि मग रक्त वाहते असे नाही. वाहणारे रक्त हृदयाच्या आतल्या अस्तराला घासते, मागे-पुढे हेलकावते, आणि त्या घर्षणातून झडप कुठे आणि कशी हवी याचा संदेश पेशींना मिळतो. त्यानंतरच्या संशोधनात असे दिसले, की या हेलकाव्यांमुळे अस्तराच्या पेशींतले एक विशिष्ट जनुक जागे होते. जनुके बल निर्माण करतात आणि बल जनुकांना जागे करते. देवघेव दोन्ही बाजूंनी चालते.

माणसाच्या बाळांतही याच्या खुणा दिसतात. दर हजार जन्मांमागे सुमारे आठ ते दहा बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. गर्भात महाधमनीची झडप फार अरुंद असली आणि डाव्या बाजूने पुरेसे रक्त वाहिले नाही, तर काही बाळांत डावा कप्पा पुरेसा वाढतच नाही. म्हणून जगातल्या काही मोजक्या केंद्रांत निवडक गर्भांची ही झडप जन्माआधीच फुग्याने रुंद केली जाते. प्रवाह सुरू झाला तर कप्पा वाढेल, ही त्यामागची आशा.

गर्भाशयातली जागा आणि पाणी

यांत्रिक बलांचे महत्त्व फक्त पहिल्या काही आठवड्यांपुरते नाही. गर्भाभोवतीचे पाणी दीर्घकाळ फार कमी राहिले, तर बाळाची फुप्फुसे लहान राहू शकतात. फुप्फुसांना फुगण्यासाठी आतून द्रवाचा दाब लागतो. गर्भातल्या बाळाने हातपाय हलवले नाहीत, तर सांधे आखडतात. ज्या आईला बाळाच्या लाथा जाणवतात, तिच्या बाळाचे सांधे त्या लाथांनीच घडत असतात. बाळ पायाळू असेल, तर खुब्याचा सांधा उथळ राहण्याची शक्यता वाढते, कारण मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत नीट दाबून बसला, तरच वाटी खोल होते.

इथेच उपचारांचेही रहस्य आहे. बलाने घडणारी ऊती बलानेच सुधारता येते, पण ती कोवळी आहे तोवर. आत वळलेल्या पावलावरचा पॉन्सेटी उपचार याचा उत्तम नमुना. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात इग्नासिओ पॉन्सेटी यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस तो विकसित करायला घेतला. दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडे थोडे सरळ करून प्लास्टर बांधतात. साधारण पाच-सहा प्लास्टरांत पाऊल वळते. बहुतेक बाळांत टाचेमागची शीर एका छोट्या छेदाने मोकळी करावी लागते. नंतर काही वर्षे, मुख्यतः झोपताना, विशेष बूट घालायचे असतात. मोठी शस्त्रक्रिया क्वचितच लागते. खुब्याच्या सांध्यासाठीही पहिल्या सहा महिन्यांत पट्ट्यांनी पाय योग्य स्थितीत ठेवले, तर बहुतेक बाळांत वाटी खोल होते. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण इथे अक्षरशः खरी आहे. पाळण्यात दिसलेले पाय पाळण्यातच सुधारतात. वर्ष-दोन वर्षे वाट पाहिली, तर तेच काम कठीण होते.

कुटुंबाने काय करावे?

माशाच्या भ्रूणातले संशोधन लगेच औषधाच्या गोळीत बदलणार नाही. पण त्यातून मिळालेली समज घराघरांत उपयोगी पडण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट, दोष कुणाचा याची चर्चा थांबवावी. शरीर घडताना जनुके, पेशींचे जोड, द्रवाचा दाब, प्रवाह आणि वेळ या सगळ्यांचा मेळ बसावा लागतो. तो लाखो बाळांत बसतो आणि काहींत थोडा चुकतो. ग्रहणाच्या वेळी सुरी हातात घेतल्याने तो चुकत नाही. ग्रहणात उपाशी किंवा तहानलेले ठेवल्याने गर्भवतीला त्रास मात्र होऊ शकतो.

दुसरी गोष्ट, टाळता येण्यासारखे टाळावे. बाळाच्या मेंदू आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांतच बंद होते. म्हणजे अनेक स्त्रियांना दिवस गेल्याचे कळते, तेव्हा हे काम संपत आलेले असते. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी गर्भधारणेचा विचार सुरू होताच, आधीच घ्यायला लागावे. नेहमीची मात्रा रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळाला असा दोष असेल, तर डॉक्टर त्याहून बरीच मोठी मात्रा देतात. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने अशाच स्त्रियांवर केलेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोठ्या मात्रेमुळे दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. मधुमेह असेल तर गर्भधारणेआधीच साखर आटोक्यात आणावी. फिट्सची किंवा इतर नेहमीची औषधे चालू असतील, तर ती स्वतः बंद न करता आधी डॉक्टरांशी बोलावे.

तिसरी गोष्ट, लवकर दाखवावे. नवजात बाळाची पावले, खुबे, पाठ, टाळू आणि हृदय पहिल्या काही दिवसांत तपासून घ्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वाकडे पाऊल, खुब्याचा दोष, दुभंगलेला ओठ व टाळू, मज्जारज्जूचे दोष आणि जन्मजात हृदयदोष यांचा समावेश आहे. या योजनेत तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. चौकशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे करता येते.

दहा ते पंधरा वर्षांच्या मुला-मुलींची पाठही वर्षातून एकदा पाहावी. मुलाला पाय जुळवून, गुडघे न वाकवता कमरेतून पुढे वाकायला सांगावे आणि मागून पाहावे. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा वर आलेली दिसली, एक खांदा उंच वाटला किंवा कमरेचा घेर एका बाजूला वेगळा दिसला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. मुलींमध्ये हा बाक वाढण्याची शक्यता अधिक असते. वाढीचे वय सुरू असेपर्यंत पट्ट्याने तो रोखता येतो. हाडांची वाढ पूर्ण झाल्यावर पट्ट्याचा उपयोग उरत नाही.

भ्रूणातली ऊती द्रवाची घन होते आणि मग तो आकार टिकतो, हे माशाने दाखवले. माणसाच्या बाबतीत घट्ट होण्याचा हा प्रवास जन्मानंतरही बरीच वर्षे चालू असतो. आकार सुधारण्याची संधी तेवढाच काळ हातात असते. ती कारणे शोधण्यात किंवा लाजेपोटी लपवण्यात घालवली, तर नुकसान बाळाचे होते.